टेक कंपन्यांचा पर्यावरणाचा हिशोब परळीपासून का मांडावा?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी,

मोठ्या टेक कंपन्यांच्या पर्यावरण अहवालांवर इथं अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुतेक वेळा ‘कंपन्या चांगल्या की वाईट’ यावरच अडकते. मला वेगळा प्रश्न मांडायचाय. या कंपन्यांनी नेमकं काय केलं तर ते मराठवाड्यातल्या माणसाला जाणवेल? मी मूळची अंबाजोगाईची. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि काम क्लाऊडचंच आहे, त्यामुळे ज्या सर्व्हरबद्दल लिहितेय त्यांच्यावरच माझं पोट चालतं.

आधी पाणी. सर्व्हर तापतात, त्यांना सतत थंड ठेवावं लागतं आणि पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकणं ही त्यातली स्वस्त पद्धत. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या नव्या रचनेत अशी वाफ करावीच लागणार नाही. एकदा भरलेलं पाणी बंद नळ्यांतून फिरत राहील आणि एका डेटा सेंटरमागे (म्हणजे असे हजारो सर्व्हर ठेवलेल्या इमारतीमागे) वर्षाला १२.५ कोटी लिटरहून जास्त पाणी वाचेल. हा आकडा आपल्या मापाने मोजून बघा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. आधी दहा वाघिणींची, नंतर पन्नास वाघिणींची. पन्नास वाघिणी म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. १२.५ कोटी लिटर म्हणजे तशा ५० खेपा झाल्या, तेही एका इमारतीच्या एका वर्षाच्या थंडाव्यासाठी. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबाने तेवढ्यात सहा हजारांवर वस्तीचं गाव वर्षभर पाणी पिऊ-वापरू शकतं.

म्हणून ही सुधारणा मला मनापासून मोलाची वाटते. पण वाफ न करता थंड करायचं तर वीज थोडी जास्त लागते, आणि महाराष्ट्रात वीज म्हटलं की अजून मोठा भाग कोळशाचा. इथं बीड जिल्ह्यातली परळी येते. परळीच्या औष्णिक केंद्रात आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. पाणी नाही म्हणून हे केंद्र २०१३ मध्ये बंद ठेवावं लागलं होतं, २०१५ मध्ये पुन्हा. कोळशाच्या केंद्रालाही वाफ थंड करायला पाणी लागतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर अशी मर्यादा घातली. म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत.

म्हणजे नवी मुंबईतलं एखादं डेटा सेंटर ‘आम्ही थंडाव्याला पाणी वापरत नाही’ म्हणालं, तर त्याच्या फाटकाच्या आत ते खरं असेल. पण त्याच्या जास्तीच्या विजेसाठी कुणीतरी गोदावरीच्या खडका बंधाऱ्यातून किंवा माजलगावच्या धरणातून पाणी उचलत असेल, तर खर्च संपला नाही, तो आपल्याकडे सरकला. राख तर परळीकर वर्षानुवर्षं सोसतच आहेत.

आता विजेच्या हिशोबाकडे. गूगल २०१७ पासून वर्षभरात जेवढी वीज वापरते तेवढीच अक्षय ऊर्जा विकत घेते. ऐकायला छान आहे, पण तो वार्षिक हिशोब आहे. दुपारी राजस्थानात बनलेली सौर वीज विकत घेतली म्हणून रात्री अकराला चालणारा सर्व्हर सूर्यावर चालत नाही. हे गूगलने स्वतःच मान्य करून २०२० मध्ये पुढचं उद्दिष्ट ठेवलं: २०३० पर्यंत प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक तासाला कार्बनमुक्त वीज. मला हे उद्दिष्ट सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण त्यात जागा आणि वेळ दोन्ही आहेत. वाट मात्र चढणीची आहे. २०२४ च्या अहवालात गूगलनेच सांगितलं की त्यांचं उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४८ टक्के वाढलं. त्याच वर्षीच्या अहवालात मायक्रोसॉफ्टनेही आपलं उत्सर्जन २०२० पासून २९ टक्के वाढल्याचं सांगितलं. एआयसाठी बांधलेली डेटा सेंटर हे त्यामागचं एक मोठं कारण.

माझी मागणी एकच. टेक कंपन्यांनी पाणी आणि वीज यांचा हिशोब जगाच्या बेरजेत न देता ठिकाणावार आणि तासावार द्यावा, आणि त्यात वीजकेंद्रावर खर्च झालेलं पाणीही धरावं. तसं झालं तर बाकीच्या सुधारणा कंपन्यांना कराव्याच लागतील. तुम्हाला काय वाटतं?


तारतंत्री

ताई, मांडणी आवडली. आयुष्य वीज खात्यात गेलं, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

विजेच्या युनिटवर शिक्का नसतो. परळीची वीज नवी मुंबईला गेली असं कुणालाच सिद्ध करता येणार नाही, सगळं वीजवाहिन्यांच्या एका जाळ्यात मिसळतं. पण कुठला संच चालवायचा हे ठरतं मेरिट ऑर्डरवर. स्वस्त वीज आधी घ्यायची आणि मागणी वाढेल तसं महागाकडे जायचं. परळीला कोळसा लांबून रेल्वेने येतो, त्यामुळे इथली वीज महाग पडते आणि रांगेत मागे राहते. मागणी चढली की अशाच मागच्या संचांची पाळी येते. म्हणून तुमचा मुद्दा उलट जास्त पक्का होतो. संध्याकाळी सात ते अकरा जो कुणी नवा भार टाकेल, तो रांगेतल्या शेवटच्या, महागड्या कोळशाला जागं करतो. तोच भार दुपारी एकला टाकला तर तेव्हा जाळ्यात सौर वीज भरपूर असते.

दुसरं, दरातही हे आता आलंय. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांप्रमाणे सूर्यप्रकाशाच्या तासांत वीजदर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी हवा. १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. म्हणजे काम दुपारी सरकवणाऱ्या कंपनीचे पैसेही वाचतात.


काळी_माती

मी सेलू तालुक्यातला. तुमचं ते तासावार वाचलं अन् थेट मोटारीची आठवण झाली. आम्हाला थ्री फेज लाईट कैक वर्षं पाळीनं मिळायली. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. कापसाला अन् गव्हाला रात्रीचं पाणी देताना किती जणांना साप चावले, किती जण डीपीपाशी चिटकले, गावागावात विचारा. आमची झोप सरकवून जाळ्यावरचा भार सारखा केला तुम्ही वीज खात्यानं. आता सौर कृषी वाहिनीमुळं कुठं कुठं दिवसा लाईट भेटायली, ते लई चांगलं झालं.

मग मला एक सांगा. माणसाला रात्री दोनला उठवून मोटार चालू करायला लावता येतं, तर मशिनला दुपारी काम कर म्हणायला काय अडचण हाय? मशिनला ना झोप, ना सापाचं भ्या.


मांजराकाठ

@काळी_माती दादा, हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं म्हणालात.

तांत्रिक बाजू सांगते. सर्व्हरवरचं सगळं काम सरकवता येत नाही. पेमेंट, दवाखान्याची नोंद, व्हिडिओ कॉल हे त्या क्षणीच व्हायला हवं. पण बॅकअप, रात्री चालणारे अहवाल, अपलोड झालेल्या व्हिडिओचं रूपांतर, शोधाची यादी नव्याने बांधणं, एआय मॉडेलला शिकवणं यातलं बरंच काम काही तास थांबू शकतं. गूगलने एप्रिल २०२० मध्ये सांगितलं होतं की अशी थांबू शकणारी कामं ते हवा-सूर्याच्या अंदाजानुसार दिवसातल्या स्वच्छ विजेच्या तासांकडे सरकवतात. म्हणजे हे शक्य आहे आणि करून झालंय. आपल्याकडच्या कंपन्यांतले बॅच जॉब (अशी एकगठ्ठा चालणारी कामं) मात्र आजही सवयीने रात्री बारा-एकला लावलेले असतात, कारण पूर्वी रात्री सर्व्हर मोकळे असायचे. ती सवय सौर विजेच्या आधीची आहे.

आणि साधी गोष्ट: टेस्टिंगसाठी उभे केलेले सर्व्हर शनिवार-रविवार विनाकारण चालू राहतात. ते आपोआप बंद करणारी चार ओळींची स्क्रिप्ट कुठलीही टीम लिहू शकते. त्यासाठी मुख्यालयाच्या परवानगीची गरज नसते.


गिरणी_कामगार_नाही

मांजराकाठताई, एक शंका. एआयच्या चिप प्रचंड महाग असतात. एवढी गुंतवणूक करून कुठली कंपनी त्या रात्री नुसत्या बसवून ठेवेल? चोवीस तास पिळूनच पैसे वसूल होतात. त्यामुळे मॉडेल शिकवण्याचं काम दुपारी सरकवणं हे कागदावरच राहणार.


मांजराकाठ

शंका रास्त आहे. एआयच्या चिपच्या बाबतीत मलाही तसंच वाटतं. म्हणूनच तिथं उपाय वेगळा हवा. रात्रीही चालवायचं असेल तर रात्रीच्या विजेची सोय स्वतः करा: सौर प्रकल्पाबरोबर बॅटरीचा साठा किंवा पवनऊर्जा, आणि तीही त्याच जाळ्यावर. बीड-धाराशिवच्या पठारावर पवनचक्क्या आहेतच, पावसाळ्यात संध्याकाळी-रात्री तिथं वारा असतो. कंपनीने वीस-पंचवीस वर्षांचा खरेदी करार केला तर त्या जोरावर बँकेचं कर्ज मिळून असा प्रकल्प उभा राहतो. वर्षाच्या शेवटी अक्षय ऊर्जेची नुसती प्रमाणपत्रं विकत घेतल्याने नवा प्रकल्प उभा राहीलच असं नाही. या दोन खरेद्यांत फार फरक आहे.


नाथसागर

अक्षय ऊर्जा म्हटलं की सगळं हिरवंगार असं धरू नका. जायकवाडीवर तरंगत्या सौर पॅनेलचा मोठा प्रस्ताव आला, तेव्हा इथला मासेमारी करणारा समाज राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. लवादाने २०२४ मध्ये याचिका फेटाळली. पॅनेलमुळे बाष्पीभवन घटतं हे मला मान्य आहे आणि नाथसागर म्हणजे जायकवाडीच्या या जलाशयासारख्या पसरट, उथळ जलाशयात त्याचं महत्त्व मोठं आहे. पण ज्याची जाळी त्या पाण्यात पडतात त्याच्याशी आधी बोलायला हवं. टेक कंपनी अशा प्रकल्पाची वीज घेणार असेल तर करारात हीही अट टाकू शकते. मोठ्या गिऱ्हाईकाने अट घातली की प्रकल्पवाला ऐकतो.

पाण्याबद्दल अजून एक. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात करायला लावली होती. उद्या संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात डेटा सेंटर आलं आणि पुन्हा तसा उन्हाळा आला, तर? बिअरचं उत्पादन थांबवता येतं. ज्या सर्व्हरवर बँका आणि दवाखाने चालतात त्याचं पाणी तोडता येणार नाही, आणि मग कपात दुसऱ्या कुणाच्या तरी नळाला होईल. म्हणून परवानगी देतानाच अट हवी: पिण्याचं पाणी नाही, फक्त शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी. छत्रपती संभाजीनगरात जिथं नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं तिथं ही अट अवाजवी म्हणता येणार नाही.


उदगीर_मोबाईल

तुमची सगळी चर्चा सर्व्हरवर चाललीय. मी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, तर मला काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो.

फोनच्या आयुष्यभरातल्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो. म्हणजे फोन दोन वर्षं जास्त चालला तर तेवढा नवा फोन टळला. आता माझ्याकडे येणारे फोन बघा. बोर्ड ठणठणीत, डिस्प्ले चांगला. गिऱ्हाईक म्हणतं बँकेचं ॲप चालत नाही. कारण अपडेट बंद. वस्तू चांगली असून ती भंगारात जाते. पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये आणि गॅलेक्सी एस २४ ला २०२४ मध्ये सात-सात वर्षांच्या अपडेटचं वचन मिळालं. छान आहे, पण ते महागडे फोन. उदगीर, देगलूर, मुखेडला जो दहा-बारा हजारांचा फोन चालतो त्याला ते वचन नाही, आणि जुना फोन सगळ्यात जास्त वर्षं वापरायची गरज याच लोकांना आहे.

युरोपात जून २०२५ पासून नियमच आहे. मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यायचं, सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत, बॅटरीने ८०० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. त्याच कंपन्या आपल्याकडेही फोन विकतात. तिकडे जमतं तर इकडे का नाही?

आणि भंगाराचं. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो फक्त २२.३ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, बनवणाऱ्या कंपनीवर जबाबदारी आहे. पण माझ्या दुकानातल्या फुगलेल्या बॅटऱ्या आणि मेलेले बोर्ड न्यायला आजवर कुणी आलं नाही. फेरीवाला भंगारवाला किलोवर नेतो, पुढं तांब्यासाठी वायर जाळतात. कंपन्यांनी तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यांनाच संकलन केंद्र करावं आणि किलोमागे भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त द्यावेत. माल आपोआप आमच्याकडे गोळा होईल.


मांजराकाठ

@उदगीर_मोबाईल भाऊ, हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या तोलाचा आहे, कृपया तोही काढा. दुरुस्तीवाल्यांना संकलन केंद्र करण्याची कल्पना मला फार पटली, कारण त्यात नवं काहीच उभारावं लागत नाही.


बालाघाट

कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे आपल्या उत्सर्जनाच्या बदल्यात दुसरीकडे अडवलेल्या कार्बनचं श्रेय विकत घेण्याबद्दल, कुणी बोललं नाही. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये भारतातल्या ‘वराह’ या कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टन कार्बनचे क्रेडिट घ्यायचा करार केला. पद्धत अशी: पिकाचे अवशेष किंवा काटक्या कमी हवेत तापवायच्या, त्याचा कोळशासारखा बायोचार होतो. उघड्यावर जाळलं तर सगळा कार्बन हवेत जातो. बायोचारमध्ये त्यातला मोठा भाग घट्ट अडकतो आणि मातीत मिसळला की शेकडो वर्षं टिकतो.

आपल्या जालना, परभणी, बीड, संभाजीनगरच्या पट्ट्यात पऱ्हाट्या (कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं) काय कमी आहेत? फरदड (त्याच झाडांवर कापसाचं पुन्हा पीक) घेऊ नका, बोंडअळीसाठी पऱ्हाट्या रानात ठेवू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि मग लोक बांधावर ढीग लावून पेटवतात. तेच पैसे देऊन घेतलं तर बोंडअळीही आटोक्यात, मातीलाही फायदा. टेक कंपनीचा पैसा थेट मराठवाड्यात यायचा हा सगळ्यात जवळचा रस्ता मला वाटतो.


आडगावची_लेक

@बालाघाट दादा, बांधावर पेटवतात ते खरं. पण सगळ्या पऱ्हाट्या पेटवत नाहीत. आमच्या गावात अजून निम्म्या घरांत गॅस संपला की चूल पेटते आणि चुलीत पऱ्हाटीच जाते. बाया फाल्गुन-चैतात उपटून, भारे बांधून, पावसाळ्याचं जळतण रचून ठेवतात. ज्यांना रान नाही त्या मजूर बाया दुसऱ्याच्या रानातून नेतात, मालक नको म्हणत नाही. उद्या पऱ्हाटीला भाव आला तर मालक ती विकेल, त्याचा हक्कच आहे. पण बिनजमिनीच्या बाईचं जळतण गेलं, तर ती काय जाळणार? बाभळी तोडणार.

प्रकल्प करायचा तर करा, मी विरोधात नाही. पण कंपनीच्या कागदावर पऱ्हाटी म्हणजे ‘वाया जाणारा माल’ असं लिहिलेलं असेल तर ते चूक आहे. आधी गावात कुणाची चूल कशावर चालते ते मोजा, त्या घरांना गॅसचा सिलिंडर भरून द्यायची सोय करा, मग उरलेली पऱ्हाटी न्या. आणि तयार झालेला बायोचार शेतकऱ्याच्याच रानात परत आला पाहिजे. रानातून काडी नेली अन् माती रिकामी ठेवली, असं नको.


काळी_माती

ताईचं शंभर टक्के खरं हाय. आन् करार मराठीत पायजे. क्रेडिट किती रुपयाला विकलं अन् त्यातलं शेतकऱ्याला किती, ते गावच्या चावडीवर लावा. सोयाबीनचा भाव आम्ही रोज बघतो, कार्बनचा बी बघू.


तारतंत्री

‘वॉटर पॉझिटिव्ह’वर एक प्रश्न राहिला. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या म्हणतात की २०३० पर्यंत वापरतो त्यापेक्षा जास्त पाणी परत भरू. परत कुठं भरणार? एका खोऱ्यात उपसा करून दुसऱ्या खोऱ्यात तलाव बांधला तर कागदावर बेरीज जुळते, पण पहिल्या खोऱ्यातली विहीर कोरडीच राहते. आपला बेसॉल्ट खडक जेमतेम पाणी धरतो. एका पाणलोटातलं भरलेलं पाणी शेजारच्या पाणलोटातही पोचत नाही, परराज्यातलं तर सोडाच. म्हणून भरपाई त्याच खोऱ्यात, आणि वीज जिथून घेतली त्या केंद्राच्या खोऱ्यातही. परळीच्या विजेचा वाटा असेल तर वाण आणि सरस्वती नद्यांच्या पाणलोटात काम करा. गाळ काढा, जुन्या कोल्हापुरी बंधाऱ्यांची दारं दुरुस्त करा. नव्या खोदकामापेक्षा त्यात कमी पैशात जास्त पाणी साठतं.


भागधारक_लातूर

उशिरा येतोय. ठिकाणावार हिशोबाच्या मागणीला एक कायदेशीर खुंटी आधीच आहे, ती कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो.

शेअर बाजाराची नियामक सेबी, तिने बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ नावाचा जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात पर्यावरणाच्या भागात एकूण पाणी, वीज, कचरा यांचे आकडे द्यावेच लागतात. पण ‘पाणीटंचाईच्या भागातल्या प्रत्येक ठिकाणी किती पाणी उचललं, किती वापरलं’ हा जो नेमका आपल्याला हवा तो प्रश्न, तो ऐच्छिक गटात टाकलेला आहे. कंपनीने रकाना कोरा सोडला तरी चालतं. परदेशी कंपन्या इथं नोंदणीकृत नसल्या की या अहवालात येतच नाहीत, तो वेगळा प्रश्न. पण आपल्या मोठ्या आयटी कंपन्या येतात. इन्फोसिसने २०२० मध्येच कार्बन न्यूट्रल (जेवढं उत्सर्जन तेवढी भरपाई) झाल्याचं जाहीर केलं होतं, म्हणजे हिशोब ठेवण्याची यंत्रणा या क्षेत्राकडे आहे.

आता मागणी नेमकी करता येते. एक, हा ऐच्छिक प्रश्न डेटा सेंटर चालवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कंपन्यांसाठी सक्तीचा करा. दोन, त्यातच वीजनिर्मितीला लागलेल्या पाण्याचा रकाना वाढवा. सेबी नियम बदलताना जनतेच्या सूचना मागवते, तेव्हा मराठवाड्यातून शंभर पत्रं गेली तर ती नोंदली जातात. दरम्यान ज्यांच्याकडे आयटी कंपन्यांचे पाच-दहा का होईना शेअर आहेत, त्यांना वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. सभा आता ऑनलाईन असते, आधी ईमेलने वक्ता म्हणून नाव नोंदवायचं. माझ्याकडे एका कंपनीचे आहेत, मी नोंदवतोय. मांजराकाठताई, प्रश्नाचा मसुदा तुम्ही करून द्या, इंग्रजीत आणि मराठीत. तारतंत्री काकांनी त्यातला विजेचा भाग तपासावा.


मांजराकाठ

रविवारपर्यंत इथंच टाकते. साडेतीन लिटरचा आकडा आणि संध्याकाळच्या तासांचा मुद्दा दोन्ही घेते. आडगावची_लेक, क्रेडिटबद्दलचा चुलीचा प्रश्न तुमच्याच शब्दांत लिहून पाठवा, मी त्याला हात लावणार नाही.